रौशन रेकॉर्डिंगची आतली खोली

अतियाला यवतमाळ सोडून तीस वर्षांच्या वर झाली, तरी आदिलाबादेतल्या तिच्या गल्लीत ती अजून ‘यवतमाळवाली’च. नवऱ्याचं रेडिएटर दुरुस्तीचं दुकान, सासूचं लांबलेलं आजारपण, दोन लेकरांची लग्नं आणि आता दोन्ही गुडघे, यातच तिचं आयुष्य सरलं. माहेरी काय होतं असं कोणी विचारलं तर ती सांगायची, ‘गाण्याची दुकान होती आमची.’ त्यापुढं बोलायची नाही. सासरी गाणं चांगलं मानत नसत. लग्नात बापानं ट्रंकेत दहा-बारा रेकॉर्ड घालून दिल्या होत्या. त्या टिनाच्या छपराखाली माळ्यावर पडून पडून उन्हानं पापडासारख्या वाकल्या, आणि एका ईदच्या सफाईत भंगारवाल्याकडं गेल्या. तेव्हाही ती काही बोलली नव्हती.

मागच्या उन्हाळ्यात तिचा धाकटा भाऊ अब्रार यानं मोबाइलवर तिला एक मजकूर पाठवला. वर दोन ओळी: ‘आपा, ये पढ़. अब्बा को लोग कितना याद करते.’ खाली लांबलचक मराठी लेख. यवतमाळ सोडून गेलेल्या जुन्या लोकांचा एक ग्रुप होता आणि त्यावर शाम राठोड नावाच्या माणसानं तो लिहिला होता. आर्णीकडच्या एका तांड्यातला हा पोरगा तेव्हा यवतमाळला शिकायला होता. पुढं पुण्यात मोठ्या कंपनीत इंजिनिअर झाला, आता रिटायर.

त्यानं लिहिलं होतं: ‘बसस्टँडच्या मागच्या रस्त्यावर निजामचाचांचं रौशन रेकॉर्डिंग सेंटर होतं. शेजारी भावसिंगची चहाची टपरी आणि दोन्हींच्या मधी एक लाकडी बाक. तांड्यातून आलेल्या माझ्यासारख्या पोराला या शहरानं पहिल्यांदा बसायला जागा दिली, ती त्या बाकावर. चाचा कमी बोलत. कोरी कॅसेट पुढं करायची आणि म्हणायचं, चाचा, तुमच्या पसंतीनं भरा. चाचा आपल्या तोंडाकडं बघत राहायचे, मान हलवायचे. दोन दिवसांनी जी कॅसेट हातात पडायची, तिच्यात आपल्या मनातलं सगळं असायचं, न सांगितलेलंही. असा कान पुन्हा कोणाचा पाहिला नाही.’

त्याखाली शेपन्नास जणांनी आपापलं लिहिलं होतं. कोणाला टपरीवरचे भजे आठवले, कोणाला शकुंतला रेल्वेच्या स्टेशनवरच्या निंबाखालच्या गप्पा, कोणाला टॉकीजच्या मॅटिनीसाठी मारलेल्या दांड्या. सगळे फिरून फिरून त्याच बाकावर येत होते. चाचांचा कान, चाचांचा कान.

अतियानं लेख दोनदा वाचला. पहिल्यांदा डोळे भरून आले. दुसऱ्यांदा वाचताना ती ‘कान’ या शब्दापाशीच थांबली. कारण तिच्या अब्बांना, निजामुद्दीनना, ऐकू येत नव्हतं.

निजामुद्दीन मूळचे जिनिंग फॅक्टरीतले कामगार. कापसाच्या हंगामात त्या मशीनच्या खडखडाटात उभं राहून त्यांची तरणी वर्षं गेली. गाण्याचा शौक मात्र भारी. पै-पै जोडून त्यांनी दुकान टाकलं आणि थोरल्या बहिणीचं, रौशनचं, नाव त्याला दिलं, कारण जागा तिनं मिळवून दिली होती. पुढं दुकान, मधी लाकडी पाटीशन, त्याला पडदा, आत अंधारी खोली आणि त्यामागं घर. आतल्या खोलीत रेकॉर्डचा रॅक, प्लेअर, डेक. बाहेर काउंटरवर निजामुद्दीन.

दुकान नीट चालायला लागलं आणि फॅक्टरीनं त्यांच्या कानांना काय केलं होतं ते वर यायला लागलं. आधी उजवा कान गेला. मग डावाही उतरत चालला. घरात कोणाला कळलं नाही, कारण ते कमी बोलणारेच. एक दिवस अतिया शाळेतून आली तर दुकानातला भोंगा किंचाळत होता. बाकावरच्या पोरांनी कानात बोटं घातली होती, समोरचा सायकलवाला शिव्या देत होता, आणि अब्बा शांतपणे एक रेकॉर्ड फडक्यानं पुसत उभे होते. चौदा वर्षांची अतिया पळत आत गेली, आवाज बंद केला आणि पडद्यातून बापाकडं बघितलं. बापानंही तिच्याकडं बघितलं. दोघांनाही कळलं.

रात्रीच्या जेवणानंतर ते म्हणाले, ‘बेटी, बहिऱ्याच्या दुकानात गाणं घ्यायला कोण येईल?’

दुसऱ्या दिवसापासून आतली खोली अतियाची झाली. पुढं शाळाही सुटली. गिऱ्हाईक बोलायचं, अब्बा त्याच्या ओठांवरून जमेल तेवढं समजून घ्यायचे. राहिलेलं अतिया पडद्याआडून ऐकायची. अब्बा एक हात नेहमी पाटीशनच्या फळीवर ठेवून बसत. रेकॉर्ड असली की ती आतून फळीवर एक टकोरा मारायची, नसली की दोन. तो टकोरा त्यांच्या तळव्याला कळायचा. मग ते मान हलवायचे. लोकांना वाटायचं, चाचा विचार करून राह्यले.

जे गिऱ्हाईक गाणी सांगायचं त्याचं काम सोपं. पण हळूहळू ‘तुमच्या पसंतीनं भरा’ म्हणणारे वाढले. तिथं अतियाचं खरं काम सुरू व्हायचं. पडद्याखालून तिला फक्त पाय दिसायचे, चपला, फाटके बूट. माणूस ती आवाजावरून ओळखायची. कोणाचा आवाज परीक्षेत नापास झाल्यासारखा, कोणाचा नुकताच पगार झाल्यासारखा. साठची कॅसेट म्हणजे एका बाजूला अर्धा तास. त्यात कुठलं गाणं आधी, कुठलं नंतर, उदास गाण्यानंतर लगेच दुसरं उदास घालायचं की मधी थोडी हवा खेळू द्यायची, हे ती ठरवायची. पोळ्या लाटतानाही तिच्या डोक्यात तेच. एखादं गाणं दोन दिवस मनात घोळवून शेवटी काढून टाकायची, कारण ‘हा पोरगा हे ऐकून रडेल, आणि ह्याचं रडायचं काम नाही.’

पोरींसाठी बाहेर बाक नव्हता. तिची मैत्रीण प्रभावती शिवणक्लासला जाताना मागच्या दारानं यायची, थोडा वेळ बसायची. तेवढाच काय तो तिचा अड्डा. शेजारच्या टपरीचा चहा अब्रार आत आणून द्यायचा, तोपर्यंत त्यावर साय धरलेली असायची. अब्रार तिच्याहून तीन वर्षांनी लहान. शाळा बुडवून बाकावर बसायचा, पोरांशी टाळ्या देत हसायचा. भरलेली कॅसेट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं काम त्याचं. बहीण आत काय करते हे त्याला पुरतं ठाऊक होतं.

शाम राठोडचा आवाज तिला अजून आठवत होता. जाड, दबका. तांड्यातला कोणी सोबत असला की बंजाऱ्यांच्या गोरबोलीत भराभर बोलायचा, चाचांसमोर मात्र शब्द गिळायचा. एकदा तो फार वेळ उभा राहिला आणि म्हणाला, ‘चाचा, ही माह्यासाठी नाई. एका पोरीले द्याची आहे.’ अब्बांना ओठ कळले नाहीत. त्यांनी नुसती मान हलवली. आत अतियाला सगळं कळलं.

त्या कॅसेटीला तिनं सगळ्यांत जास्त वेळ घेतला. तिला त्या पोरीचं नावही ठाऊक नव्हतं. पण ही कॅसेट आपल्यालाच कोणी आणून दिली तर आपण काय ऐकलं म्हणजे हो म्हणू, असा विचार करून तिनं गाणी लावली. शेवटचं गाणं एका जुन्या रेकॉर्डवरचं होतं, कोणी मागत नसे असं. त्यात प्रेमाची भाषा नव्हती. नुसतं इतकंच होतं की तू बोल, मी ऐकतो.

तिला स्वतःला अशी कॅसेट कोणी दिली नाही. बाविसाव्या वर्षी आदिलाबादचं स्थळ आलं. जायच्या आधी अब्बा तिला म्हणाले, ‘ही गोष्ट घराबाहेर नको जाऊ देऊ.’ तिनं मान हलवली. ती गेली आणि रौशन रेकॉर्डिंगमधून ‘तुमच्या पसंतीनं’ बंद झालं. अब्बा लोकांना म्हणायला लागले, गाणी तुम्हीच सांगा. लोक म्हणाले, चाचा म्हातारे झाले. मग सीड्या आल्या, मग त्याही गेल्या. अब्बांना मातीआड करून आल्यावर अब्रारनं दुकानात मोबाइलचं रिचार्ज आणि कव्हरं ठेवली. अतियानं आपल्या पोरांनाही कधी काही सांगितलं नाही. बापाला शब्द दिला होता.

लेखानंतर महिन्याभरानं अब्रारचा फोन आला. ग्रुपवाले सगळे यवतमाळात जमणार होते. पुण्या-नागपूरहून, कोणी तर परदेशातून. निजामचाचांच्या आठवणीत अब्रारचा सत्कार होता. ‘आपा, तू पाह्यजेच,’ तो म्हणाला.

नवऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या, पण नाही म्हणाला नाही. सून म्हणाली, अम्मी, गुडघे? अतियानं पट्टे बांधले आणि पांढरकवड्यावरून जाणारी एसटी धरली.

कार्यक्रम आर्णी रोडवरच्या एका नव्या हॉटेलच्या हॉलमध्ये होता. आत शिरता शिरता ती थांबली. समोरची अख्खी भिंत रेकॉर्डांनी सजवलेली होती. मधल्या भोकातून स्क्रू मारून एकेक रेकॉर्ड भिंतीला ठोकली होती. काहींवर शोभेसाठी सोनेरी रंग फासला होता. लोक तिथं उभे राहून फोटो काढत होते. अतिया जवळ गेली, चष्मा वर सरकवला. मधल्या गोल कागदावर जांभळा शिक्का होता, पुसटलेला, पण वाचता येत होता. रौशन.

ती एकेक बघत गेली. ही घासलेली, हिच्या तिसऱ्या गाण्यावर सुई उडायची. ही रौशन फुफीनं हैदराबादहून आणलेली. सोनेरी रंगाखालच्या तिला वाचता आल्या नाहीत.

अब्रार मागून आला. नवा कुर्ता, अत्तराचा वास. ‘छान दिसते न? हॉटेलवाल्या विक्कीनं घेतल्या. भंगारात जाण्यापेक्षा बरं.’

‘मले विचारलं नाई,’ ती म्हणाली.

‘अगं, पाण्यानं सडून राह्यल्या होत्या. तू काय आदिलाबादले नेल्या असत्या का?’ असं म्हणून तो पुढच्या माणसाला मिठी मारायला गेला.

बायकांच्या खुर्च्या डाव्या बाजूला होत्या. अतियाच्या शेजारी सावळी, उंच बाई येऊन बसली. ती शाम राठोडची बायको, पुष्पा. आपण निजामचाचांची मुलगी असं अतियानं सांगितल्यावर पुष्पानं हात जोडले आणि मग थोडं हसली.

‘तुमच्या दुकानातली कॅसेट ह्याईनं मले दिलती, लग्नाआधी. माह्या मामाच्या गावी यायचे, बोलायचे काहीच नाई. एक दिवस कॅसेट ठेवून गेले. मी ती इतकी ऐकली, इतकी ऐकली, की घरचे दुसऱ्या स्थळाले हो म्हणून बसले होते तरी मी नाई म्हटलं.’

‘मग चांगलं झालं,’ अतिया म्हणाली.

पुष्पानं स्टेजकडं बघितलं. शाम माइक नीट करत होता. ‘खरं सांगू का ताई? मी त्या कॅसेटीशी लग्न केलं. माणूस नंतर कळला. माणूस वाईट नाई. पण त्या कॅसेटीत जो बोलणारा होता न, तो मले घरात कधी भेटलाच नाई. एकदा मी म्हटलं, तुमच्या मनात इतकं होतं तं आता काहून बोलत नाई? तं म्हणते, कॅसेट दिलती न.’

अतियानं पदर सारखा केला.

स्टेजवर भाषणं सुरू झाली. शामनं आपल्या लग्नाची गोष्ट सांगितली, लोक हसले, पुष्पाकडं माना वळवून बघितलं. मग अब्रारला शाल पांघरली. शाम म्हणाला, ‘अब्रारभाई, आज सगळ्यांसमोर सांगा. चाचांले हे सुचत कसं होतं?’

अब्रारनं माइक हातात घेतला. अतियाला वाटलं, आता म्हणेल, अब्बांचा शौकच तसा होता. एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं.

‘आता खरं सांगाले हरकत नाई,’ अब्रार म्हणाला. ‘अब्बा काउंटर पाहत. गाणे निवडाचं काम माह्याकडं होतं. मी लहान होतो, पण कान तयार होता. तुम्ही सारे बाकावर माह्या बाजूले बसत, तुमच्या मनात काय चाललं ते मले दिसे. रात्री बसून भरत होतो.’

टाळ्या पडल्या. कोणी तरी शिट्टी वाजवली. शाम स्टेजवरच अब्रारच्या गळ्यात पडला.

अतिया जागची हलली नाही. बापानं शब्द घेतला होता तो बापासाठी. तिनं तो उभा जन्म पाळला, आणि राखून ठेवलेली जागा भावानं सतरंजी टाकून अडवली. तिला राग आला होता, पण त्याहून जास्त लाज वाटत होती, जसं काही तिनंच चोरी केली आहे.

जेवणाच्या वेळी शाम ताट घेऊन तिच्याजवळ आला. ‘ताई, तुमचा भाऊ म्हणजे आमच्या जवानीचा मालक होता,’ तो म्हणाला. तोच आवाज, थोडा बसलेला.

‘शामभाऊ,’ अतिया म्हणाली, ‘ते कॅसेटी मी भरत होती.’

तो हसला. मग तिचं तोंड बघून थांबला. ‘म्हणजे?’

‘पडद्याच्या मागं मी बसत होती. तुम्ही म्हणाले होते, ही माह्यासाठी नाई, एका पोरीले द्याची आहे. अब्बाले ते ऐकूच आलं नव्हतं. त्याईले ऐकू येतच नव्हतं. मी ऐकलं. गाणे मी लावले.’

शामच्या हातातली पुरी तशीच राहिली. पुष्पाही तिथंच होती. शामनं आजूबाजूला बघितलं, कोणी ऐकलं तर नाही ना अशा बेतानं. ‘ताई, आताच तर अब्रारभाईनं...’ एवढं म्हणून त्यानं अब्रारला हाक मारली. अब्रार आला. शामनं त्याला खालच्या आवाजात विचारलं.

अब्रारनं बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. ‘हो हो, आपा बसायची न आत. मी गाणे सांगे, ही बटन दाबे. तिची मदत होतीच. घरचंच काम होतं ते, सारे हात लावत.’ आणि तो हसला.

शामचा चेहरा सुटला. ‘हां, तसं म्हणा. म्हणजे ताई, तुमचाही हातभार होता. हे तर मी लिहिलंच पाहिजे.’ त्याला ते दुसरं काही नको होतं. आपली प्रेमाची गोष्ट त्याला अब्रारभाईच्या हातची हवी होती, बाकावरच्या दोस्ताच्या. पडद्यामागं बसून आपलं गुपित ऐकणारी पोरगी त्याला त्यात बसवता येत नव्हती. तो ताट घेऊन दुसऱ्या घोळक्यात गेला.

पुष्पा मात्र तिथंच उभी राहिली. ‘ते शेवटचं गाणं,’ तिनं विचारलं, ‘तू बोल, मी ऐकतो, असं. तेही तुम्हीच?’

‘हो.’

‘मंग मले तुमचाच राग आला पाह्यजे,’ पुष्पा म्हणाली. आवाज चढवला नाही, रडलीही नाही. ताटातलं सगळं तसंच टाकून हात धुवायला निघून गेली. अतियाला वाटत होतं, सगळ्या हॉलमध्ये आपल्यावर विश्वास ठेवणारी ही एकटी, आणि तिलाच आपण बुडवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अब्रारच्या नव्या घरी चहा पिताना तिनं विषय काढला. बहीण-भाऊ घरात हिंदी बोलत, पण भांडताना लहानपणापासून दोघंही रस्त्यावरच्या वऱ्हाडीवर यायचे.

‘कायले खोटं बोलला?’

अब्रारनं बशी खाली ठेवली. ‘मंग काय सांगू? अब्बा बहिरे होते म्हणून सांगू? साऱ्या गावासमोर? लोक म्हणतील, हा बहिरा आपल्याले जन्मभर बनवत होता. अब्बाची इज्जत कोणं सांभाळाची?’

‘अब्बाची इज्जत ठेवाची होती तं अब्बानं भरलं म्हणायचं होतं. मी भरलं काहून म्हटलं?’

अब्रारची बायको चहाचे कप उचलून आत गेली. तो बोलला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता. ‘लोक विचारत आले आपा. तू गेल्यावर दुकान बसली. बाकावरचे सारे मोठे झाले, कोणी पुण्याले, कोणी अमेरिकेले. मी तिथंच. रिचार्ज मारत. कोणी आला की म्हणे, अब्रार, तुह्या बापाचा कान, तुह्या बापाचा कान. एकाले सहज म्हटलं, बाप नाई, मी होतो. त्यानं माह्याकडं असं पाह्यलं, जसं कोणं कधी पाह्यलं नव्हतं. मंग तेच सांगत गेलो. आता तं मलेही आठवते, मी भरत होतो म्हणून. प्लेअर दिसते, सुई दिसते.’

‘अन् मी? मी कुठं दिसते?’

त्याचा सूर पुन्हा चढला. ‘तू होती कुठं? अब्बाचे शेवटचे दोन वर्षं त्याईले मी उचलून न्हाणीत नेत होतो. पाटीशनले लागून खाट होती, पडल्या पडल्या ते फळीवर हात ठेवून राहत. मी विचारे, काय पाह्यजे? ते काहीच सांगत नसत. मी किती वेळा ठोकलं असंन त्या फळीवर. त्याईच्या तोंडावर काही फरक पडे नाई. त्याईले ठाऊक होतं न, माह्या हातचं आहे म्हणून.’

अतियाला हे ठाऊक नव्हतं. शेवटच्या आजारात ती एकदाच येऊन गेली होती, सासूचं दुखणं सुरू होतं म्हणून. अब्रारनं हे सांत्वन म्हणून सांगितलं नव्हतं, मारायला हातात आलेला दगड म्हणून फेकलं होतं. तो बरोबर लागला. तिनं उठून पिशवी भरली. भावजयीनं डब्यात पोळ्या घालून दिल्या, त्या घेतल्या. अब्रार बसस्टँडवर सोडायला आला नाही.

तिला वाटेत दुकानाचा तो रस्ता बघता आला असता. रिक्षावाल्याला ती म्हणालीही, जरा मागच्या रस्त्यानं घ्या. मग म्हणाली, राहू द्या. तो बाक, ती टपरी, त्यांची सकाळ-संध्याकाळ, हे सगळं तिनं पाटीशनच्या मागून ऐकलेलं होतं. समोरून तिनं ते नीट कधी पाहिलंच नव्हतं, मग आता काय बघायचं.

आठ-पंधरा दिवसांनी शामनं ग्रुपवर कार्यक्रमाचे फोटो टाकले. लिहिताना त्यानं एक ओळ वाढवली होती: ‘या कामात अब्रारभाईंच्या भगिनी अतियाताई यांचेही मोलाचे सहकार्य असे.’ त्याखाली लोकांनी हात जोडलेली, फुलांची चित्रं ठेवली. अब्रारनं तिला ते पुढं पाठवलं आणि लिहिलं, ‘अब खुश?’

अतियाला त्या ग्रुपात शामनंच घेतलं होतं. तिनं मोबाइल मांडीवर घेतला आणि एका बोटानं, अक्षर शोधत शोधत लिहिलं: ‘सहकार्य नाही. माझे वडील निजामुद्दीन यांना ऐकू येत नव्हते. आठ वर्षे सगळ्या कॅसेट मी भरल्या. गाणी मी निवडली. अतिया.’ बापाला दिलेला शब्द मोडून तिनं ते पाठवलं.

दुपारभर ती वाट बघत राहिली. ते पुष्कळांनी वाचलं, हे मोबाइल दाखवत होता. पहिला कोणी आला तो जुन्या टपरीवरच्या भज्यांबद्दल विचारत होता, की भावसिंगचे भजे मुगाचे होते की बेसनाचे. त्यावर दुसरा तुटून पडला. तिसऱ्यानं दत्त चौकातल्या कचोरीचं काढलं. संध्याकाळपर्यंत तिचं लिहिलेलं वर, वर सरकत दिसेनासं झालं. पुष्पाचा नंबर तिच्याकडं नव्हता. शाम काही बोलला नाही.

ईदला अब्रारचा फोन येत असे, सकाळी नमाज झाल्या झाल्या. या वेळी आला नाही. नवऱ्यानं विचारलं, भाऊ नाराज आहे का? ती म्हणाली, नाही, कामात असेल, आणि शीरखुर्म्याचे वाटगे शेजारी द्यायला सुनेच्या हातात दिले.